एक नाव, चार रमाबाई



आपल्या मराठीत नावाला फार बोलायला लावतात. बारशाला आपण नाव ठेवतो. शेजारीण वाईट वागली की तिला नावे ठेवतो. लेक शिकली की तिने घराण्याचे नाव काढले म्हणतो. आणि लग्नात सगळ्या जणी मिळून नव्या नवरीला म्हणतो, नाव घे गं. ती बिचारी लाजत लाजत उखाणा घेते, पण नाव घेते ते नवऱ्याचे. तिचे स्वतःचे नाव त्याच मांडवात बदललेले असते. कुणाकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहितात, कुणाकडे सासू नुसते सांगते, आजपासून हिला अमुक म्हणायचे. बाळपणी आत्याने कानात सांगितलेले नाव, ज्यासाठी तिने पाठीत धपाटे खाल्ले, ते नाव मग माहेरी गेल्यावरच ऐकू येते.

म्हणून या वेळी आम्ही एका नावाचाच इतिहास सांगायचे ठरवले. नाव साधे आहे, आपल्या घराघरात आहे. रमा. आमच्या सणसर आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या याद्या काढल्या तर रमा, रमाबाई, रमाताई हमखास सापडतात. रमा म्हणजे लक्ष्मी. मागे बाई लावले की मान आला. या एकाच नावाच्या चार बायका महाराष्ट्राच्या इतिहासात मोठ्या झाल्या. त्यांच्यातल्या दोघींच्या खुणा तर आपल्या पुणे जिल्ह्यातच आहेत, एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतक्या जवळ. चौघींचे नशीब वेगळे. चौघींकडे एकच प्रश्न घेऊन जाऊ या. हिचे नाव आपल्यापर्यंत आले, ते कुणी लिहिले म्हणून आले?

पहिल्या रमाबाई थेऊरच्या. पुणे-सोलापूर रस्त्याने पुण्याकडे जाताना थेऊर फाटा लागतो. अष्टविनायकांतला चिंतामणी तिथे आहे, आपल्यातल्या पुष्कळ जणी दर्शनाला जाऊन आल्या असतील. थोरले माधवराव पेशवे क्षयाने आजारी होते, ते शेवटी तिथेच येऊन राहिले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस. पानिपतात खचलेले राज्य त्यांनी अकरा वर्षांत पुन्हा उभे केले होते. त्यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. मूलबाळ नव्हते. थेऊरला नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे. बायका तिथे हळदकुंकू वाहतात.

मराठी घरांत या रमाबाई पोचल्या त्या रणजित देसाईंच्या 'स्वामी' कादंबरीमुळे. १९६२ साली ती आली, गावोगावच्या वाचनालयांत तिची पाने फाटेपर्यंत वाचली गेली आणि पुढे दूरदर्शनवर मालिकाही झाली. कादंबरीचे नाव 'स्वामी', म्हणजे तिथेही नाव नवऱ्याचेच. रमाबाईंवर लोकांची माया आहे, ती आमचीही आहे. पण ऐन तरुणपणी एक जिवंत बाई चितेवर गेली, याला आम्ही मोठेपणा म्हणणार नाही. इंग्रजांच्या राज्यात १८२९ साली बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि लगेच पुढच्या वर्षी तो मुंबई इलाख्यातही आला. तो साठ वर्षे आधी असता तर काय झाले असते, एवढे मनात येतेच. या पहिल्या रमाबाईंचे नाव टिकले ते मरणामुळे, आणि ते लिहिले दुसऱ्यांनी.

दुसऱ्या रमाबाई केडगावच्या. चौफुल्यावरून केडगाव हाकेच्या अंतरावर आहे, आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात. या पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून गावाने त्यांना नावे ठेवली, तर ते रानात जाऊन राहिले, पण शिकवणे सोडले नाही. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, रमेला शिकवले. कुटुंब पुराणे सांगत तीर्थे फिरायचे. पुढे दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण, तिघेही उपासमारीने गेले. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी चालत देश फिरले. दुष्काळ काय असतो हे आपल्या भागाला सांगायला नको. नीरा डावा कालवा आला म्हणून आज आपल्याकडे ऊस दिसतो, पण त्याआधीचे हाल आपल्या पणजी-खापरपणजींनी सोसलेच होते.

१८७८ साली ही बहीणभावंडे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी घडाघडा संस्कृत बोलते हे पाहून तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. म्हणजे नावाच्या आधीचा तो शब्द सासरचा नाही, माहेरचा नाही, कमावलेला आहे. पुढे भाऊ गेला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. दीड-दोन वर्षांतच, १८८२ मध्ये, ते पटकीने गेले. हातात लहानगी मनोरमा.

त्या विधवा बाईने काय केले? मुलीला घेऊन पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे उभे राहून सांगितले की बायकांना शिकवायला बायका मास्तरणी हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याला नाव मिळाले मेरी रमा. पण लोकांच्या तोंडी रमाबाईच राहिले. मेरी हे नाव जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, कारण आपल्या आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर होत होत्या. तिकडच्या बायकांना आपल्याकडच्या विधवांचे हाल कळावेत म्हणून त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ मध्ये निघाले. त्यातून मदत उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले, विधवा मुलींच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवा मुलीने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे. बघा, इथेही लग्नात नाव बदलले.

त्याच वर्षी मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ उठला. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे मोठे लोकही बाजूला झाले. रमाबाई मात्र थांबल्या नाहीत. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली, बायका गाडीत घालून आणल्या. केडगावचे ते मुक्ती सदन. पुढच्या दुष्काळानंतर तिथे हजारावर बायका-मुली होत्या. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळे बायकाच चालवायच्या. आज आपण गटातून पापड, मसाले, शेळ्या आणि शिलाई मशीन यांचे बोलतो. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या तालुक्यात बायका खिळे जुळवून पुस्तके छापत होत्या.

शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घातली. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांचा धर्म कुणाला पटो न पटो. पण या दुसऱ्या रमाबाईंचे नाव त्यांनी स्वतः लिहिले, स्वतःच्या पुस्तकांवर, आणि तीही स्वतःच्या कमाईच्या पदवीसह.

तिसऱ्या रमाबाई म्हणजे रमाबाई रानडे. मघाशी ज्या रानड्यांचे नाव आले, त्यांच्या पत्नी. या मूळच्या देवराष्ट्र्याच्या. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. १८७३ साली अकरा वर्षांच्या यमुनेचे लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झाले. रानड्यांची पहिली पत्नी वारली होती. ते विधवा विवाहाचे पुरस्कर्ते, म्हणून ते विधवेशीच लग्न करतील असे लोकांना वाटत होते. वडिलांच्या हट्टापुढे ते झुकले आणि लहान मुलगी घरात आली. यमुनेची रमा झाली. टीव्हीवर 'उंच माझा झोका' मालिका लागायची तेव्हा आपण ही गोष्ट रोज संध्याकाळी पाहिली आहे.

नाव तर नवऱ्याच्या घरचे मिळाले. पण अक्षर ओळख नसलेल्या त्या मुलीला रानड्यांनी शिकवायला घेतले, आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांना ते खपत नव्हते. दिवसभर घरातले काम, टोमणे, अबोला, आणि रात्री अभ्यास. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांच्या सभांना या रमाबाई जाऊ लागल्या. एक चोवीस वर्षांची विधवा, एक वीस वर्षांची सवाष्ण, नाव एकच. सभेहून घरी आल्यावर घरच्या बायकांनी जो समाचार घ्यायचा तो घेतलाच. आपल्यातल्या ज्या जणी पहिल्यांदा गटाच्या बैठकीला गेल्या आणि घरी येऊन सासूचे बोल ऐकले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. त्यानंतर काही काळ रमाबाई घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. पण मग उठल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि १९२४ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत ते त्यांनीच वाढवले. विधवा, परित्यक्ता, शिकायची राहून गेलेल्या लग्न झालेल्या बायका, सगळ्या तिथे आल्या. शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने परिचारिका होणे हलके समजत. परक्या माणसाला हात लावायचा म्हणजे काय! आज आपल्या गावात नर्सताई आली की आपण खुर्ची देतो, चहा ठेवतो. त्या मानाची सुरुवात कुणीतरी नावे ठेवून घेऊन केली होती.

१९१० मध्ये रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. मराठीत बाईने लिहिलेल्या आठवणींत त्याचे स्थान फार मोठे. त्यात नवऱ्याचे नाव त्या घेत नाहीत, आपल्या जुन्या बायकांसारख्याच. 'स्वतः' म्हणतात. स्वतः आले, स्वतः म्हणाले. पण मजा पुढे आहे. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर दोनदा झाले. एकाचे शीर्षक 'स्वतः' या अर्थाचे, म्हणजे नवऱ्याबद्दलचे, आणि दुसऱ्याच्या शीर्षकाचा अर्थ 'रानडे: त्यांच्या पत्नीच्या आठवणी'. म्हणजे लिहिले रमाबाईंनी, आणि शीर्षकात रानडे आहेत, पत्नी आहे, रमाबाई नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. मघाशी मेरी हे नाव लक्षात ठेवायला सांगितले होते. तेच नाव फ्रान्स देशात मारी असे म्हणतात, तिथे ते आपल्या लक्ष्मी-सीतेसारखे घरोघरी. त्या नावाची सगळ्यात गाजलेली बाई मात्र जन्माने फ्रान्सची नव्हती. पोलंड देशातली मारिया स्क्लोदोव्स्का, १८६७ चा जन्म. तिच्या गावी मुलींना विद्यापीठात घेत नव्हते, म्हणून १८९१ मध्ये ती पॅरिसला गेली आणि तिथे तिने आपले नाव फ्रेंच पद्धतीने मारी असे लिहिले. लग्नानंतर झाली मारी क्युरी. आपण शाळेत मादाम क्युरी म्हणून धड्यात शिकलो ती हीच. रेडियमचा शोध तिने आणि नवऱ्याने मिळून लावला. १९०३ चे नोबेल पारितोषिक द्यायची वेळ आली तेव्हा शिफारस गेली ती नवरा पिएर आणि आणखी एका शास्त्रज्ञाची. हिचे नावच नव्हते. नवऱ्याला हे कळले, त्याने कळवले की काम दोघांचे आहे, आणि मग तिचे नाव आत आले. पुढे १९११ मध्ये तिला एकटीला दुसरे नोबेल मिळाले. एवढी हुशार बाई, एवढा पुढारलेला देश, तरी यादीत नाव लागायला कुणालातरी पत्र लिहावे लागले. पिएरने ते लिहिले, हे त्याचे मोठेपण. पण त्याने लिहिले नसते तर?

आता चौथ्या रमाबाई. यांना आपण बाई म्हणत नाही, आई म्हणतो. रमाई.

दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ ला त्यांचा जन्म झाला. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि भावंडे मामा-काकांकडे मुंबईला आली. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, लग्न लागले. नवरी आठ-नऊ वर्षांची रमी, नवरा शाळेत शिकणारा भीमराव. पुढे बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले, लंडनला गेले. मागे परळच्या चाळीत रमाईने घर चालवले. शेणाच्या गोवऱ्या थापल्या, विकल्या. पाच लेकरे झाली, त्यातली चार हाताशी लागली नाहीत. एक यशवंत तेवढा राहिला. हे दुःख किती, ते सांगायला शब्द कुठून आणायचे? ज्या बाईने एक लेकरू मातीत ठेवले आहे तिलाच ते कळेल.

रमाईची एक गोष्ट आमच्या सणसरच्या बायकांना फार लागते. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघते आणि आपल्या सणसरला मुक्काम करते. त्या दिवशी घराघरात पिठले-भाकरी होते, बायका वारकऱ्यांचे पाय धुतात. सांगतात की रमाईलाही पंढरपूरला जायची ओढ होती. बाबासाहेब म्हणाले, जिथे आपल्याला देवळात घेत नाहीत तिथे कशाला जायचे, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू. ते मंदिर सर्वांना खुले झाले १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाई तोवर राहिल्या नव्हत्या. २७ मे १९३५ ला दादरच्या राजगृहात त्या गेल्या, वय सदतीस. ज्या वाटेने आपल्या दारावरून दिंड्या जातात, त्या वाटेच्या टोकाला एका माउलीला दार बंद होते, हे आपण पालखीच्या दिवशी आठवले पाहिजे.

रमाईंचे पुस्तक नाही, संस्था नाही. तरी नाव टिकले. ते पहिल्यांदा मोठ्या कागदावर लिहिले बाबासाहेबांनी. १९४० मध्ये निघालेले पाकिस्तानवरचे त्यांचे पुस्तक त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केले. घरात ज्या नावाने हाक मारायचे तेच नाव छापले. आणि मग ते नाव लाखो लोकांनी उचलले, मुलींना दिले, वस्त्यांना दिले, त्यावर गाणी रचली. आपल्या गावांत ज्या घरकुलांवर 'रमाई आवास योजना' लिहिलेले दिसते, तेही याच नावाचे. बंदरातल्या हमालाच्या लेकीचे नाव सरकारच्या घरांवर लागले.

तर चौघींचा हिशेब असा. एकीचे नाव दगडाच्या वृंदावनात आणि दुसऱ्याच्या कादंबरीत. एकीने नाव स्वतः कमावले, स्वतः छापले. एकीला नाव लग्नात मिळाले, तिने ते कामाने आणि लेखणीने आपलेसे केले. एकीचे नाव नवऱ्याने आणि समाजाने जपले. पण चौघींच्या मागे त्यांच्या काळच्या किती यमुना, रमी, गोदू, कृष्णा होत्या? त्यांनीही गोवऱ्या थापल्या, लेकरे पुरली, शेत राखले. त्यांचे नाव कुठेच कुणी लिहिले नाही. म्हणून त्या इतिहासात नाहीत. नाव कागदावर नसेल तर माणूस नव्हताच असे इतिहास समजतो, आणि कचेरीही तसेच समजते.

हे आम्ही गटाच्या कामात रोज पाहतो. आमच्यातल्या एका ताईचे उदाहरण सांगतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि बँकेच्या पासबुकावर घरी हाक मारतात ते तिसरेच. नवरा वारला. योजनेचे पैसे मंजूर झाले, पण तिन्ही कागदांवर तीन बायका दिसत होत्या. तीच मी, हे सिद्ध करायला तिने सात महिने हेलपाटे घातले, मजुरी बुडवली. शेवटी नावातल्या बदलाची राजपत्रात नोंद केली, सगळे कागद एका नावावर आणले, तेव्हा पैसे हातात पडले. तिच्या दुःखात हे दुःख नको होते.

तेव्हा काही गोष्टी माहीत असू द्या. लग्न झाले की नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माहेरचे नाव ठेवायचे, सासरचे लावायचे की दोन्ही, हे ठरवायचा हक्क तिचा. जे ठरेल ते सगळ्या कागदांवर एकसारखे हवे, एवढेच. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये पावणेतीनशेहून जास्त मुलींचे 'नकुशा' हे नाव बदलून त्यांना त्यांच्या आवडीची नवी नावे दिली गेली. मुलगी नको होती म्हणून ठेवलेले नाव त्या पोरी शाळेत हजेरीला रोज ऐकत होत्या. वाईट नाव पुसता येते, हे त्यांनी दाखवले.

आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आपल्या राज्याने ठरवला आहे. नऊ महिने जिने वाढवले तिचे नाव दाखल्यावर आले. आणि रमा म्हणजे लक्ष्मी म्हणालो, तर लक्ष्मीचीही एक आठवण. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने गावोगाव लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असे त्यांचे सांगणे. पुढे सरकारनेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. आपल्या भागात उसाची लागण, खुरपणी, बांधणी बाईच्या हातची. पण उसाचे बिल कुणाच्या नावे निघते आणि सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे, हे आज घरी गेल्यावर बघा. भांडायचे नाही. नुसते बघायचे आणि विचारायचे, यात माझे नाव कधी लावायचे?

पुढच्या मासिक बैठकीसाठी आम्ही आमच्या गटांत दोन कामे ठरवली आहेत, तुम्हीही करा. पहिले, प्रत्येकीने आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला असेल तर तो, एकत्र आणायचा आणि नाव अक्षर न अक्षर ताडून पाहायचे. फरक असेल तर वहीत नोंद करायची, आणि दुरुस्तीला एकटीने न जाता दोघी-तिघींनी मिळून जायचे. दुसरे काम गोड आहे. प्रत्येकीने आपल्या आईचे आणि दोन्ही आज्यांचे नाव सांगायचे. आधी माहेरचे, मग सासरचे. ठाऊक नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचे. सचिव ताई ती नावे गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतील.

आणि त्या दिवशी उखाणा घ्यायचा झाला, तर एकदा तो आपल्या स्वतःच्या नावाचा घेऊ या.